‘निर्वाण’ या विषयावरील पाच दिवसांचा निवासी अभ्यासवर्ग : जाऊन आल्यानंतरचा अभिप्राय

यंदाच्या वर्षावासात, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाच्या काळात, भाद्रपद महिन्यात, समुद्रपूर तालुक्यातील एका खेड्याच्या विहारात भरलेल्या पाच दिवसांच्या निवासी अभ्यासवर्गाला मी गेले होते. वर्गाचा विषय एकच होता, निर्वाण, म्हणजे पालीतले निब्बाण, बौद्ध साधनेचे अंतिम ध्येय. आणि सूचनापत्रकावर विषयाखाली एक प्रश्न छापलेला होता : ‘ज्याला निर्वाण मिळालेले नाही, त्याने निर्वाणाविषयी बोलावे काय?’ संस्थेचे, तिथल्या भन्तेजींचे आणि शिकवणाऱ्या प्राध्यापकांचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण या अभिप्रायात मनापासूनच्या कौतुकाबरोबर एक मोठी तक्रारही आहे. आमच्या भागात असे वर्ग आता बरेच भरतात. कोणत्या वर्गाला जावे आणि तिथे काय पाहावे, एवढे वाचणाऱ्याला ठरवता यावे म्हणून हे लिहिते आहे.

मी का गेले, ते आधी सांगितले पाहिजे. आर्वी तालुक्यातील आमच्या गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवीत होते. निवृत्त झाल्यापासून, आषाढी पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा असे तीन महिने, संध्याकाळच्या वंदनेनंतर विहारात बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन माझ्याकडे असते. मागच्या वर्षी निब्बाणाचा भाग वाचून झाला, तेव्हा मागच्या रांगेतली एक बाई बोलली. ती दिवसभर सोयाबीनच्या निंदणाला जाऊन आलेली होती आणि तिच्या पायांची माती अजून वाळलेली नव्हती. ती म्हणाली, “बाई, तुमी हे निब्बाण निब्बाण वाचता, तुमाले भेटलं काय ते?” मी ‘नाही’ म्हणाले. तिने पुढे विचारले, “मंग तुमाले कसं मालूम का ते सुखाचं हाय?” विहारात कोणी हसले नाही, सगळे माझ्याकडे पाहत राहिले. मी पान उलटले आणि पुढचा भाग वाचू लागले. तिने उत्तर मागितले होते आणि मी ते दिले नाही, ही गोष्ट मला वर्षभर टोचत राहिली. त्यामुळे या वर्गाने तिच्या प्रश्नाला किती उत्तर दिले, याच एका मापाने मी तो मोजणार आहे.

व्यवस्थेविषयी थोडक्यात. शुल्क ८०० रुपये होते आणि ज्यांना रोख जमत नाही त्यांना तेवढ्या किमतीची तूरडाळ किंवा तांदूळ देण्याची मुभा होती. ही गोष्ट मला फार आवडली. आम्ही एकूण चौतीस जण होतो. महिलांची सोय विहाराच्या सभागृहात आणि पुरुषांची शाळेच्या दोन खोल्यांत केलेली होती. सोळा महिलांसाठी दोनच शौचालये होती, त्यामुळे पहाटे साडेचारपासून रांग लागत असे, आणि वयस्कर उपासिकांना त्याचा फार त्रास झाला. सभागृहावर टिनाचे छत आहे. पावसाची सर आली की समोरच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही, आणि पाच दिवसांत तीन वेळा शिकवणे मध्येच थांबवावे लागले. जेवण मात्र उत्तम होते. गावातल्याच महिला बचत गटाने स्वयंपाक केला होता. एका दुपारी अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर होती, ती मी अजून विसरले नाही. अष्टशील पाळणाऱ्यांसाठी दुपारी बारापूर्वी वेगळी पंगत बसत असे आणि त्यात एकदाही उशीर झाला नाही.

आता शिकवण्याविषयी. पहिल्या सकाळी प्राध्यापकांनी शाळेतून आणलेल्या फळ्यावर खडूने तीन रकाने आखले : ‘ऐकलेले’, ‘विचाराने पटलेले’ आणि ‘स्वतः पाहिलेले’. प्रत्येकाला कागदाची एक चिठ्ठी देऊन तिच्यावर निर्वाणाविषयी एकच वाक्य लिहायला सांगितले, आणि ते वाक्य कोणत्या रकान्यात बसते ते ज्याने त्याने फळ्यापाशी येऊन सांगायचे होते. मी ‘निर्वाण हे परम सुख आहे’ असे लिहिले आणि ते दुसऱ्या रकान्यात ठेवायला सांगितले. सर म्हणाले, “बाई, हे तुम्हाला कोणत्या विचाराने पटले?” मी विचार करू लागले आणि माझ्या लक्षात आले की ते मला कोणत्याच विचाराने पटलेले नव्हते, धम्मपदातली गाथा लहानपणापासून कानावर होती, एवढेच. मी चिठ्ठी उचलून पहिल्या रकान्याखाली ठेवली. हिंगणघाटकडच्या एका तरुणाने ‘निर्वाणात काहीच उरत नाही’ असे लिहून ते तिसऱ्या रकान्यात ठेवले होते. कारण विचारल्यावर तो म्हणाला की, मेल्यानंतर काही उरत नाही हे तर दिसतेच. सरांनी त्याला शांतपणे विचारले की, अर्हताच्या, म्हणजे निर्वाण मिळवलेल्याच्या, बाबतीत ते त्याने कुठे पाहिले. नाकारणाऱ्याचे वाक्यही दावाच असते आणि त्यालाही ‘तुला कसे कळले’ हा प्रश्न लागू होतो, ही गोष्ट मी त्या सकाळी पहिल्यांदा नीट समजून घेतली. आणखी एका उपासकाने ‘निर्वाणाविषयी शब्दांत काहीही सांगता येत नाही’ असे लिहिले होते. ते वाक्य कोणत्या रकान्यात घालावे यावर पाऊण तास चर्चा चालली, कारण तेही निर्वाणाविषयी केलेले एक विधानच आहे आणि ते करणाऱ्यालाही ते कुठूनतरी कळलेले असले पाहिजे. संध्याकाळपर्यंत फळ्यावर पहिल्या रकान्यात सव्वीस चिठ्ठ्या होत्या, दुसऱ्यात आठ, आणि तिसरा रिकामा होता. तो रिकामा रकाना पाचही दिवस तसाच ठेवलेला होता.

हे तीन रकाने सरांनी स्वतःच्या मनाने आखलेले नव्हते, हे दुसऱ्या दिवशी कळले. बुद्धांच्या पाली उपदेशांच्या, म्हणजे सुत्तांच्या, मज्झिमनिकाय या संग्रहातील चंकी सुत्तात सोळा वर्षांचा एक ब्राह्मण तरुण भगवान बुद्धांना विचारतो की, आमच्या परंपरेने चालत आलेल्या मंत्रांविषयी ब्राह्मण ‘हेच खरे, बाकी सारे खोटे’ असे निश्चयाने म्हणतात, त्यावर आपले मत काय? बुद्ध उलट विचारतात की, त्या ब्राह्मणांपैकी एकाने तरी ‘हे मी जाणतो, हे मी पाहतो’ असे म्हटले आहे काय. आणि एकमेकांना धरून चाललेल्या आंधळ्यांच्या रांगेची उपमा देतात, ज्यात पहिल्यालाही दिसत नाही, मधल्यालाही नाही आणि शेवटच्यालाही नाही. पुढे ते पाच गोष्टी सांगतात : श्रद्धा, आवड, ऐकीव परंपरा, तर्क आणि विचार करून मान्य केलेले मत. या पाचांच्या आधारे धरलेली गोष्ट खरीही निघू शकते आणि खोटीही. म्हणून श्रद्धा असलेल्याने ‘अशी माझी श्रद्धा आहे’ एवढे म्हणावे. तेवढे म्हटल्याने तो सत्याचे रक्षण करतो. मात्र ‘हेच खरे, बाकी सारे खोटे’ या निष्कर्षावर त्याने एवढ्यातच उडी मारू नये. याला पालीत ‘सच्चानुरक्खणा’ असा शब्द आहे. सत्य कळणे आणि सत्य प्राप्त होणे या त्यापुढच्या वेगळ्या पायऱ्या आहेत. मला हवे असलेले उत्तर निम्म्याहून अधिक याच सुत्तात होते. ज्याला निर्वाण मिळालेले नाही त्याने त्याविषयी बोलू नये असे बुद्ध इथे म्हणत नाहीत. आपले वाक्य कशाच्या आधारावर उभे आहे ते त्या वाक्यातच सांगावे, असे म्हणतात. बाबासाहेबांनीही बुद्धवचन ओळखण्याच्या ज्या कसोट्या दिल्या आहेत, त्यांत एक अशीच आहे : ज्या गोष्टींविषयी बुद्धांना खात्री होती त्या त्यांनी निश्चितपणे सांगितल्या, आणि ज्यांविषयी नव्हती त्यांवर मत दिले तरी ते तात्पुरते म्हणून दिले. बुद्धांनी स्वतः पाळलेला हा फरक विहारात वाचन करणाऱ्या माझ्यासारख्या बाईने पाळू नये याला काहीच कारण नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस उघडला होता. सर आम्हाला विहारामागच्या वावरात घेऊन गेले. तिथे धुऱ्यावर एक जुनी दगडी विहीर आहे. रहाटाचा एक गंजलेला लोखंडी खांब तेवढा उभा आहे. ना दोर होता, ना बादली. मोटरपंप आला तेव्हापासून ती विहीर कोणी वापरत नाही असे गावकऱ्यांनी सांगितले. कपारीत पिंपळाचे रोप उगवले होते, आणि खाली, दोन पुरुष खोल, काळसर पाणी स्थिर दिसत होते. आमचीच डोकी त्यात हलत होती. सरांनी विचारले, “पाणी आहे हे तुम्ही ऐकले की पाहिले?” सगळे म्हणाले, “पाहिले.” मग त्यांनी विचारले, “तहान भागली काय?” कोणी बोलले नाही. तिथेच उभे राहून त्यांनी संयुत्तनिकायातील कोसंबी सुत्त सांगितले. घोषितारामात चार भिक्खू बसले आहेत. मुसील या भिक्खूला विचारले जाते की, श्रद्धा, आवड, ऐकीव परंपरा, तर्क आणि मान्य केलेले मत हे सारे बाजूला ठेवून, भवाचा निरोध, म्हणजे जन्ममरणाच्या अस्तित्वाचे थांबणे, हेच निर्वाण हे तुम्हाला स्वतःला ठाऊक आहे काय? तो ‘होय’ म्हणतो. ‘मग तुम्ही अर्हत आहात’ असे म्हटल्यावर गप्प राहतो. नारद नावाचा भिक्खू मात्र म्हणतो की, मीही हे स्वतः नीट पाहिले आहे, तरी मी अर्हत नाही. आणि तो रानातल्या वाटेवरच्या विहिरीचे उदाहरण देतो : उन्हाने होरपळलेला, थकलेला, तहानलेला माणूस विहिरीत डोकावतो, पाणी आहे हे त्याला कळते, पण दोर नाही, बादली नाही, आणि पाण्याला त्याचे अंग लागत नाही.

वैशाखात विहिरीच्या तळाशी पाणी गेलेले पाहत ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे सुत्त समजावून सांगावे लागत नाही. तरीही इथे वर्गाची एक चूक झाली असे मला वाटते, आणि मी ती तिथे बोलूनही दाखवली. परतताना अनेक जण असे म्हणू लागले की आपणही नारदासारखेच आहोत, आपल्याला पाणी दिसते, फक्त दोर नाही. हे खरे नाही. नारद विहिरीच्या काठावर उभा आहे. त्याने स्वतः डोकावून पाहिलेले आहे. आम्ही अजून गावातच आहोत आणि त्या वाटेने जाऊन आलेल्या कोणीतरी तिकडे विहीर आहे असे आम्हाला सांगितले आहे. निर्वाण न मिळालेली माणसे सगळी एकाच जागी उभी नाहीत, हे त्या सुत्तातले सर्वांत मोलाचे शिक्षण आहे. ऐकणारा, पाहणारा आणि पिणारा हे तिघे वेगळे आहेत. पहिल्याने दुसऱ्याच्या शब्दांत बोलणे हेही खोटेच आहे, मग ते कितीही नम्रपणे बोललेले असो. सरांनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि दुपारच्या सत्रात ते सर्वांसमोर मान्य केले.

मग गावात उभ्या असलेल्या माणसाचे काय, हा माझा प्रश्न उरलाच होता, आणि त्याला उत्तर ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात निघाले. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, भदंत नागसेनांना जवळजवळ आमच्या गावच्या बाईच्याच शब्दांत विचारतो : ज्याला निर्वाण मिळालेले नाही, त्याला निर्वाण सुखाचे आहे हे कळते काय? नागसेन ‘कळते’ असे म्हणतात. राजा विचारतो, कसे? ते म्हणतात, ज्यांचे हातपाय कधी तोडले गेलेले नाहीत, त्यांना हातपाय तोडले जाणे दुःखाचे आहे हे कळते की नाही? राजा म्हणतो, कळते. ज्यांचे तोडले गेले त्यांचा आक्रोश ऐकून कळते. तसेच, नागसेन म्हणतात, ज्यांनी निर्वाण पाहिले त्यांचे शब्द ऐकून इतरांना ते सुखाचे आहे हे कळते.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या शेजारचा मुलगा आला. त्याचा हात कडब्याच्या कुट्टी मशीनमध्ये गेला होता तेव्हा मी चुलीपाशी होते, आणि जी किंकाळी ऐकली तिच्यासाठी मला कोणत्याही पुराव्याची गरज पडली नाही. त्यामुळे नागसेनांचे उत्तर मला एका अर्थाने पूर्ण पटते. पण एक शंका उरते, आणि ती मी चर्चेत मांडली. मला बोट कापल्याचे दुःख माहीत आहे, म्हणून हात गेल्याचे दुःख त्यावरून ताडता येते. निर्वाणाचा असा कोणता लहान तुकडा माझ्याजवळ आहे, ज्यावरून मी ते ताडावे? निर्वाण तर ‘उदान’ या पाली ग्रंथात ‘अजात, अभूत, अकृत, असंस्कृत’ असे वर्णिलेले आहे, म्हणजे माझ्या ओळखीच्या कोणत्याच वस्तूसारखे नाही.

सरांनी यावर अंगुत्तरनिकायातील जानुस्सोणि ब्राह्मणाचा संवाद वाचायला दिला. निर्वाण इथेच दिसणारे, ‘सन्दिट्ठिक’, कसे, असे तो विचारतो. बुद्ध सांगतात की, रागाने, म्हणजे आसक्तीने, पछाडलेला माणूस स्वतःचेही अहित चिंततो आणि दुसऱ्याचेही, आणि मनात दुःख भोगतो. ती आसक्ती सुटली की हे चिंतणेही थांबते. द्वेषाचे तसेच, मोहाचे तसेच. बुद्धांचे शिष्य सारिपुत्त यांची व्याख्याही हीच आहे : रागाचा क्षय, द्वेषाचा क्षय, मोहाचा क्षय, याला निर्वाण म्हणतात. बाबासाहेबांनी निब्बाण याच बाजूने उलगडले आहे. मेल्यानंतरच्या आत्म्याच्या मुक्तीशी त्याचा संबंध नाकारून ते जिवंतपणीच्या, सदैव पेटलेल्या विकारांवर ताबा मिळवण्याशी जोडले आहे. या बाजूने पाहिले तर लहान तुकडा माझ्याजवळ आहे. धुऱ्यावरून चुलत दिराशी चाललेले आमचे भांडण ज्या दिवशी मनातून गेले, त्या रात्री मला जी झोप लागली, ती मला ठाऊक आहे. ती मी कोणाच्या सांगण्यावरून मानत नाही.

पण इथेही सावध राहावे लागते, आणि वर्गाच्या पुस्तिकेत मागंदिय सुत्त घेतले होते ते त्यासाठीच असावे. बुद्ध मागंदिय परिव्राजकासमोर गाथा म्हणतात : आरोग्य हा परम लाभ, निर्वाण हे परम सुख. मागंदिय म्हणतो की आपणही ही गाथा जुन्या आचार्यांकडून ऐकली आहे. बुद्ध विचारतात, ते आरोग्य कोणते, ते निर्वाण कोणते? तेव्हा मागंदिय स्वतःच्याच अंगावरून हात फिरवीत म्हणतो की हेच ते. मी निरोगी आहे, सुखात आहे, मला काही पीडा नाही. बुद्ध त्याला जन्मांध माणसाची गोष्ट सांगतात, ज्याला कोणीतरी तेलकट, मळकट कापड ‘पांढरेशुभ्र वस्त्र’ म्हणून दिले आणि तो ते आनंदाने पांघरून हिंडला. त्याने ते डोळ्यांनी पाहून घेतले नव्हते, देणाऱ्यावरच्या विश्वासाने घेतले होते. गाथा खरी होती, मागंदिय प्रामाणिक होता, आणि तरीही तो आपल्या निरोगी शरीरालाच निर्वाण म्हणत होता. माझ्या त्या एका रात्रीच्या झोपेला मी निर्वाण म्हटले तर मीही तेच करीन. ती एक खूण आहे, एवढेच मी म्हणू शकते. कोणत्या दिशेला चालावे हे ठरवायला मात्र ती पुरते.

आता तक्रार. चौथ्या संध्याकाळी बाहेरून बोलावलेल्या एका वक्त्याचे प्रवचन ठेवले होते. त्यांनी पहिल्याच पाच मिनिटांत सांगितले की निर्वाण हा निळसर प्रकाश आहे आणि तो त्यांनी स्वतः अनेकदा पाहिला आहे. समोरच्या उपासिका त्यांच्या पाया पडू लागल्या. एका मुलीने, ती बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, उभे राहून विचारले की हे कोणत्या सुत्तात आहे. त्यावर वक्ते म्हणाले, “ज्याने पाहिले नाही त्याला विचारण्याचा अधिकार नाही.” ती मुलगी खाली बसली, आणि संयोजकांपैकी कोणीही उठून बोलले नाही. तीन दिवस आम्हाला जे शिकवले होते, ते त्या एका वाक्याने पुसले गेले. फळा तिथेच होता, तिसरा रकाना रिकामा होता. निदान या वक्त्यांना आपली चिठ्ठी त्यात ठेवायला सांगायला हवे होते, आणि मग आम्ही सर्वांनी मिळून ‘कशावरून?’ असे विचारायला हवे होते. न पाहिलेल्याच्या बोलण्यावर बंधन असते, पण विचारण्याचा अधिकार तर त्यालाच सर्वांत जास्त असतो. मज्झिमनिकायातील वीमंसक सुत्तात स्वतः तथागतांचीच, म्हणजे बुद्धांचीच, परीक्षा डोळ्यांनी पाहून आणि कानांनी ऐकून कशी करावी ते सांगितले आहे, आणि ते सांगणारे खुद्द बुद्धच आहेत. ज्यांनी स्वतःची परीक्षा करायला सांगितले, त्यांच्या नावाने चाललेल्या वर्गात एका मुलीला गप्प बसवले गेले, याचे मला अजूनही वाईट वाटते.

विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेचा, नियम तर याहून कडक आहे, आणि तो सगळ्या शिबिरांच्या दारावर लिहून ठेवावा असा आहे. वज्जी देशात दुष्काळ पडला असता वग्गुमुदा नदीकाठच्या काही भिक्खूंनी गावकऱ्यांपुढे एकमेकांच्या सिद्धी वर्णन करून भरपूर भिक्षा मिळवली, तेव्हा चौथा पाराजिक नियम झाला : जी अलौकिक अवस्था आपल्याला मिळालेली नाही, ती मिळाली असे जाणूनबुजून सांगणारा भिक्खू संघाचा राहत नाही. चुकून स्वतःविषयी जास्त समजून बसलेल्याला त्यातून सूट आहे. शिवाय आठवा पाचित्तिय, म्हणजे त्याहून हलक्या दोषाचा, नियम असा की, खरोखर मिळालेली अवस्थाही भिक्खूने गृहस्थांना सांगितली तर तो दोष आहे. म्हणजे ज्याला मिळाले त्याने आपल्याला मिळाले असे लोकांत सांगायचे नाही, आणि ज्याला मिळाले नाही त्याने ऐकलेले ऐकलेले म्हणून जरूर सांगायचे, अशी ही रचना आहे. आमचे वक्ते गृहस्थ होते, त्यांना विनयाचे नियम लागू होत नाहीत हे मी जाणते. पण नियमामागचे कारण भिक्षेचे होते, आणि त्या संध्याकाळी दानपेटी त्यांच्या शेजारीच ठेवलेली होती.

पाचव्या सकाळी मी ही तक्रार लेखी दिली. भन्तेजींनी ती समारोपात मोठ्याने वाचून दाखवली आणि चूक मान्य केली. पुढच्या वर्षी पाहुणे वक्ते नसतील असेही सांगितले. हे त्यांच्या मोठेपणाचे आहे, आणि म्हणूनच मी हा वर्ग वाईट म्हणत नाही.

पुस्तिकेविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. अठ्ठेचाळीस पानांची ती पुस्तिका ६० रुपयांना वेगळी घ्यावी लागते. भाषांतर सोपे आणि स्वच्छ आहे. मात्र सुत्तपिटकातील उतारे, बुद्धांनंतर काही शतकांनी घडलेला मिलिंद-नागसेन संवाद, महायान आचार्य नागार्जुनांच्या मूलमध्यमककारिकेतील निर्वाण आणि संसार यांत भेद नसल्याची कारिका आणि बाबासाहेबांची वाक्ये हे सारे एकाच टायपात, एकामागोमाग छापलेले आहे. कोण बोलत आहे आणि कधी, हे वाचणाऱ्याला कळत नाही. इतर कोणत्याही विषयाच्या पुस्तिकेत मी हे चालवून घेतले असते. ‘तुला हे कुठून कळले’ हाच ज्या वर्गाचा विषय आहे, त्याच्या पुस्तिकेत नाही. नागार्जुनांची ती कारिका तर कोणतेही स्पष्टीकरण न देता अर्ध्या पानात उरकली आहे. त्यापेक्षा ती गाळलेली बरी होती.

रोज वंदनेत आपण धम्माचे गुण म्हणतो : स्वाक्खातो, सन्दिट्ठिको, अकालिको, एहिपस्सिको, ओपनेय्यिको, पच्चत्तं वेदितब्बो विञ्ञूहि. शेवटच्या गुणाचा अर्थ, जाणत्यांनी ज्याने त्याने स्वतः अनुभवण्याजोगा. हा शब्द दाखवून वर्गातले एक स्वयंसेवक आम्हाला सांगत असत की मग चर्चा कशाला, फक्त ध्यानाला बसा. पण त्याच ओळीत, दोन शब्द आधी, ‘एहिपस्सिको’ आहे : ये आणि पाहा. ‘ये’ हे हाक मारणे आहे, आणि हाक ज्याला मारतात त्याने अजून पाहिलेले नसते. ज्याने पाहिले नाही त्याने त्याविषयी काही ऐकूच नये, त्यावर विचारच करू नये, तर तो चालायला कशाच्या आधारावर लागेल? मार्ग निवडणारा प्रत्येक माणूस तो निवडताना अज्ञानीच असतो. इतक्या वर्षांच्या म्हणण्यात हे दोन शब्द मी शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते, आणि या एका गोष्टीसाठी ८०० रुपये मला जास्त वाटत नाहीत.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी मी वाचनाआधी त्या बाईला पुढे बोलावले आणि मागच्या वर्षी मी पान उलटले होते ते चुकले, असे सर्वांसमोर सांगितले. मग म्हणाले की, निर्वाण सुखाचे आहे हे मी ऐकलेले आहे. ज्यांनी सांगितले त्यांच्या वागण्यावरून मला त्यांचा भरवसा वाटतो. मनातला राग गेल्यावर काय वाटते एवढे मी स्वतः पाहिले आहे, आणि त्यापुढचे मी पाहिलेले नाही. ती थोडा वेळ थांबून म्हणाली, “असं सांगा नं मंग. आता वाचा.”

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी : शेवटच्या फाट्यापासून विहारापर्यंत चिखलाची वाट आहे, तेव्हा दुपारच्या गाडीनेच पोहोचावे आणि टॉर्च जवळ ठेवावी. पांढरी वस्त्रे दोन जोड्या लागतात, कारण पावसात ती वाळत नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्ची मिळते, पण आधी कळवावे लागते. संयोजकांना माझी विनंती आहे की, वर्ग निंदणाच्या आणि फवारणीच्या दिवसांत ठेवू नये. पाच दिवसांची मजुरी बुडवून येणे ज्यांना शक्य नाही, खरा प्रश्न विचारणारी माणसे त्यांच्यातच आहेत. आमच्या गावची ती बाई पुढच्या वर्षी माझ्याबरोबर यायचे म्हणते आहे. शुल्काची तूरडाळ ती घरचीच देणार आहे, म्हणून वर्ग तूर निघाल्यानंतर, माघाच्या सुमारास ठेवता आला तर तिला सोयीचे होईल, असे मी भन्तेजींना पत्राने कळवले आहे.